ल्यूसीन सोडून सगळं

“मेथीचे लाडू जोरात चाललेत वाटतं,” वरच्या मजल्यावरच्या माळीकाकू म्हणाल्या. बाळाला उचलून त्यांनी तिच्या मानेशी नाक नेलं होतं. “लेकराच्या अंगालासुद्धा वास लागलाय.”

पाचवीचा दिवस होता. आत्या पाट्यावर हळदीची बोटं ओढत होती. तिचा हात थांबला.

“मेथी केलीच न्हाई मी,” ती म्हणाली.

“मग डिंकाच्या लाडवात पडली असेल चिमूटभर.”

“न्हाई म्हटलं न्हवं.”

काकू माझ्याकडे बघून हसल्या. “बघ चारू. सख्खी आत्या सासू म्हणून मिळाली आणि तू मेथीला महाग झालीस. परकी असती तर निदान भांडता तरी आलं असतं.”

मीही हसले. मेथीचं आमच्याकडे असंच होतं. लहानपणी सुट्टीत आत्याच्या गावी जायचे तेव्हाही तिच्या घरात कधी मेथीची भाजी नसे, की लोणच्यात दाणे नसत. तिला वास सोसत नाही, एवढंच सगळ्यांना माहीत. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. पुढे आत्याच्याच मुलाशी, रणजितशी माझं लग्न झालं. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच आहे. त्यामुळे माझं बाळंतपण करायला माहेरची म्हणा, सासरची म्हणा, एकटी आत्याच कोल्हापूरला आली होती.

तिनं उठून काकूंच्या हातातून बाळ घेतलं. मानेचा वास घेतला. मग ओला लंगोट सोडला आणि तो नाकाशी धरला. मी अजून हसतच होते.

“कवा प्याली ही?”

“सकाळी थोडं. झोपच लागलीये तिला. उठवलं तरी तोंड लावत नाही.”

“गुणाची आहे,” काकू म्हणाल्या. “माझ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.”

“काकू, तुमी जावा आता,” आत्या म्हणाली. “आन चारू, तू चप्पल घाल.”

रिक्षात बाळ तिच्याच मांडीवर होतं. टाक्यांमुळे मला नीट बसता येत नव्हतं, आणि असं पूजेतून उठून कुठे चाललोय ते कळत नव्हतं. रंकाळ्याच्या कडेनं रिक्षा वळली तेव्हा आत्या बोलायला लागली. माझ्याकडे बघून नाही, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघून.

“रणजितच्या पाठीवर मला दोन झाली हुती.”

हे मला माहीत नव्हतं. रणजितलाही नव्हतं, हे नंतर कळलं.

“दोन्ही अशीच. झोपाळू. आन अंगाला ह्योच वास. पहिलं गेलं तवा सासू म्हनली, मेथी लई खाल्लीस, उष्णतेनं पोर जाळलंस. दुसऱ्या खेपंला मी मेथीला हात लावला न्हाई. तरी वास आला.”

“मग कुणाला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? पोराला वास येतोय म्हनून?”

“मला तरी सांगायचंस, आत्या.”

“रणजित जगला न्हवं,” ती म्हणाली. “मला वाटलं, संपलं ते.”

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर होत्या. बाई माझ्याहून फार मोठी नसेल. लेकराला तपासताना त्या आधी जंतुसंसर्गाचंच विचारत होत्या. आत्यानं वासाचं सांगितलं तेव्हा मला जरा लाजच वाटली. पण डॉक्टरांनी वाकून वास घेतला, मग मागे झाल्या आणि विचारलं, “आईवडिलांचं नातं आहे का आपसात?”

“आतेमामे भावंडं,” रणजित म्हणाला. तो कामावरून तसाच पळत आला होता.

“आणि आजी, तुमचं लग्न?”

“ते बी नात्यातलंच,” आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला आत बोलावलं. आजाराचं नाव मोठं होतं, ते त्यांनी एकदाच उच्चारलं. “दुधातल्या प्रथिनांचं शरीरात अमिनो आम्लांमध्ये रूपांतर होतं. त्यातली तीन या बाळाला मोडता येत नाहीत. ती साचतात. त्यातलं एक मेंदूला विषासारखं आहे. ल्यूसीन म्हणतात त्याला.”

“माहितीये,” मी म्हणाले.

“दूध बंद करायचं. तुमचंही. फक्त साखरेचं सलाइन.”

त्या अख्ख्या इमारतीत ल्यूसीन हा शब्द माझ्याइतका कुणी उच्चारला नसेल. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते आणि माझं कामच यीस्टला ल्यूसीनसाठी उपाशी ठेवण्याचं होतं. आमच्याकडची यीस्ट अशी होती की तिला ते स्वतः तयार करता यायचं नाही. आम्ही देऊ तेवढंच तिचं. पेशी धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, आणि मग ज्यात बाकी सगळं आहे पण ल्यूसीन नाही अशा पाण्यात सोडायच्या. मग बघत बसायचं.

मला दिवस गेलेले असताना आत्या एकदा ते बघायला आली होती. काचेची भांडी एका यंत्रावर हलत होती, त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, “ह्ये हलवतीस कशाला?”

“हवा मिळावी म्हणून. यांना मी उपाशी ठेवलंय.”

“पाळण्यात घालून उपाशी ठिवलंस? आन ह्याचा पगार देत्यात तुला?”

“तोही उपासमारीचाच आहे,” माझ्या मार्गदर्शक उपाध्ये मॅडम मागून म्हणाल्या. त्या सहसा विनोद करत नसत.

आत्याला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. “उपाशी हाय ते ह्येला कळतंय कसं? पोट न्हाई, डोस्कं न्हाई.”

मी तिला बांधकामाचं सांगितलं. पेशीत सतत प्रथिनं बांधायचं काम चालू असतं. अमिनो आम्लं म्हणजे त्याच्या विटा, आणि प्रत्येक विटेचा हमाल वेगळा. ल्यूसीन संपलं की त्याचा हमाल रिकाम्या हातानं फिरायला लागतो. पेशीत एक पहारेकरी असतो. भरल्या हाताच्या हमालाकडे तो बघतही नाही. रिकामा दिसला की त्याला धरतो, आणि तिथून हुकूम सुटतो, काम थांबवा. जवळपास सगळं बांधकाम बंद. कोठारात काय उरलंय ते कुणी मोजायला जात नाही.

“आन थांबवून पुढं?”

“पुढं जे कमी पडलंय ते घरात तयार करायची खटपट करते. नाहीच जमलं तर स्वतःच्या भिंती पाडते आणि त्या विटा वापरते.”

“कवापतोर?”

“भिंती आहेत तोवर.”

आत्यानं त्यावर काही विनोद केला नाही. पदर सावरून ती दारात जाऊन उभी राहिली होती.

दूध बंद केल्यावर बाळ सुधारेल असं आम्ही धरून चाललो होतो. काचेच्या पेटीत ती दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे हलवायची. “खेळतेय बघा,” नवीन नर्स म्हणाली. जुन्या नर्सनं तिला कोपरानं ढोसलं. ते झटके होते. मग पाठीची कमान व्हायला लागली आणि नंतर तिला श्वासाच्या यंत्रावर घातलं. पेटीवर चिठ्ठी होती, ‘चारुशीला यांचं बाळ’. बारसं व्हायचंच होतं.

पुढचा रिपोर्ट आला तेव्हा ल्यूसीन वाढलेलं होतं.

“दूध बंद आहे ना?” रणजितनं विचारलं. “मग येतंय कुठून?”

“तिच्यातनंच,” मी आणि डॉक्टर मुजावर एकदमच म्हणालो. त्यांनी मला बोलू दिलं.

“तिला काहीच मिळत नाहीये, रणजित. फक्त साखर. बाकीच्या विटा संपल्यात. म्हणून तिचं शरीर बांधकाम थांबवून स्वतःलाच मोडतंय. स्नायू मोडले की त्यातून ल्यूसीन सुटतं. ते तिला जाळता येत नाही आणि बांधकाम बंद म्हणून कुठे वापरताही येत नाही.”

“म्हणजे उपास केला तरी विष, आणि खाल्लं तरी विष.”

“ती तीन सोडून बाकीचं सगळं द्यायला हवं,” डॉक्टर म्हणाल्या. “मग शरीर पुन्हा बांधायला लागतं आणि साचलेलं ल्यूसीन त्यातच खर्ची पडतं. त्यासाठी खास पावडर मिळते. मी मुंबईला फोन केलाय. त्यांच्याकडची संपलीये, बाहेरून यायला आठवडा लागेल. एवढ्या लहान बाळाचं रक्त धुवायची सोय आपल्याकडे नाही. आणि या अवस्थेत मी तिला गाडीत घालू शकत नाही.”

“आठवडा टिकेल ती?” मी विचारलं.

डॉक्टर बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन मॅडमना फोन लावला. आमच्या प्रयोगशाळेत फडताळावर एक बरणी असायची, ल्यूसीन सोडून बाकीची सगळी अमिनो आम्लं एकत्र कालवलेली. यीस्टला तिच्यातनंच खायला घालायचो. आम्ही पोरं तिला उपासाची बरणी म्हणायचो. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“ती बरणी माणसासाठी नाही, चारुशीला.”

“माहितीये, मॅडम.”

“आणि तुझाच निकाल आहे. सगळं काढून घेतलं तर यीस्ट थांबते, कितीतरी दिवस तग धरते. सगळं देऊन एकच काढून घेतलं तर बांधकाम थांबूनही तिला पुरतं थांबायचं कळत नाही, आणि ती लवकर मरते.”

“तिच्याकडे ल्यूसीन कमी नाहीये, मॅडम. भरपूर आहे. बाकीचं नाहीये.”

पलीकडे फडताळ उघडल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “बरणी चालणार नाही. तिच्यात बाकीचंही काय काय आहे. बंद बाटल्या उघडून नवीन करावं लागेल. तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे.”

दोघी फोनवर काय बोलल्या ते मला माहीत नाही. दुपारी मॅडम आल्या. त्यांच्या हातात गार डबा होता, आणि प्रयोगशाळेतला पांढरा कोट त्या काढायचा विसरल्या होत्या. डॉक्टरांसमोर त्यांनी दोन बाटल्या ठेवल्या. “ह्या मोठीत तिन्ही वगळलीत. लहानीत त्यातली दोन आहेत, व्हॅलिन आणि आयसोल्यूसीन. ती रक्तात फार उतरली तर काम पुन्हा अडेल, तेव्हा थोडी द्यावी लागतील. शुद्ध आहे. पण मूळ बाटल्यांवर स्पष्ट लिहिलंय, माणसांसाठी नाही.”

“मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं मी,” मुजावर म्हणाल्या. “ते म्हणाले, पावडर येईपर्यंत बाळ टिकेल का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, मग मला काय विचारता.”

“ते यीस्टचं खाणं आहे, चारू,” रणजित म्हणाला. त्यानं बाटल्यांना हात लावला नाही. “आपलं मूल आहे ते.”

“म्हणूनच.”

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. “हे आधी ऐका. मेंदूला सूज आहे. किती मार बसलाय ते आज कुणीच सांगू शकत नाही. हे दिलं आणि लागू पडलं, तर ती जगेल. कशी जगेल याचा शब्द मी देणार नाही. बसेल का, बोलेल का, तुम्हाला ओळखेल का, काहीच नाही. आणि नाही दिलं तर फार लांबणार नाही. हे दोन्ही बघून मला सांगा.”

बाहेर बाकावर आत्या बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. रणजित भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं ते मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, दे म्हणेल. जिची दोन काही न करता गेली ती दुसरं काय म्हणणार.

“सोड तिला,” आत्या म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, कुणाला सोडायचं.

“नळ्या काढायला सांग. माझ्या मांडीवर दे. माझी दोन्ही मांडीवरच गेली. पयल्याला लई त्रास झाला, दुसरं झोपंतच गेलं. झोपंत जाऊ दे हिला.”

“तिच्यासाठी करता येण्यासारखं आहे अजून.”

“करून काय मिळंल? डॉक्टरीन काय म्हनली? वळखनार न्हाई म्हनली.”

“ओळखणार नाही म्हणाल्या नाहीत. सांगता येत नाही म्हणाल्या.”

“तुला कळतंय तिला काय म्हनायचंय ते.” आत्यानं माझा हात हातात घेतला. “तुझं वय काय चारू? दुसरं हुईल तुला. न्हाई झालं तरी जगशील. हिच्यापायी तू जळशील, माझा रणजित जळंल. मी मेल्यावर हिला कोन बघंल? आन तुमी दोघं मेल्यावर?”

रणजित खाली बघत होता. “आई चूक नाही बोलत,” तो हळूच म्हणाला.

“तू ठरव मग.”

“मला नाही ठरवता येत. मी तिला एकदाच उचललंय.”

 समोरच्या खोलीतून दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचं रडणं आलं, चांगलं ठणठणीत. ते ऐकलं आणि माझ्या अंगातून दूध सुटलं. दूध बंद करून इतके दिवस झाले होते, मी रोज पिळून टाकत होते, तरी सुटलं. गाऊन भिजला, डाग पसरत गेला. आत्यानं ते बघितलं. तिनं माझा हात सोडला आणि आपला पदर माझ्या छातीवर टाकला.

“जा,” ती म्हणाली. “तू ऐकनार न्हाईस. जा.”

मी आत गेले. मॅडमनी मोठी बाटली उघडली, डॉक्टरांनी मोजून सिरिंजमध्ये घेतलं आणि नाकातल्या नळीतून थेंब थेंब सोडायला लागल्या. आम्हा तिघींत मी काहीच केलं नाही, पेटीच्या काचेला हात लावून उभी होते. त्या पाण्याला कुजकट वास येत होता. आमच्या यीस्टचाही असाच यायचा, पण तिथे तो कधी मला जाणवला नव्हता. थोड्या वेळानं रणजित आत आला आणि माझ्यामागे उभा राहिला.

ल्यूसीन आधी तिथल्या तिथे राहिलं. मग उतरलं. मधे एकदा अडलं तेव्हा लहान बाटली उघडावी लागली. डॉक्टर मुजावर फोनवर मॅडमना आकडे सांगायच्या आणि मॅडम तिकडून त्यांच्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणायच्या, “बरोबर. हेच व्हायला हवं.” आठवड्यानं खरी पावडर आली, त्यानंतर यंत्र काढलं.

ती रडली ती सकाळची वेळ होती. बारीक, फाटक्या आवाजात, थांबून थांबून. जुनी नर्स धावत आली, बघून म्हणाली, “काही दुखत नाहीये. भुकेचं आहे.”

मी हात पुढे केले तशी तिनं मला अडवलं. “तुम्ही नका घेऊ ताई. दुधाचा वास येईल तिला, उगाच शोधत बसेल. आजींना घेऊ दे.”

आत्या त्या बाकावरून इतके दिवस आत आलीच नव्हती. मी दारात जाऊन तिला हाक मारली. ती आली. तिच्या मांडीवर बाळ दिलं, नर्सनं बाटली हातात दिली. बाळानं बूच तोंडात धरलं, पण ओढायचं कसं ते तिला आठवत नव्हतं. आत्यानं तिचा गाल बोटानं चोळला, हनुवटी वर धरली, पुन्हा चोळला. खूप वेळानं घोट गेला. आत्यानं मान वर केली नाही. मी भिंतीशी उभी राहून छातीवर दोन्ही हात दाबून धरले होते.

तिचं नाव रेवा. आता ती सात वर्षांची आहे. ती बसत नाही, मान धरते. बोलत नाही. डावीकडच्या आवाजाकडे वळते, उजवीकडच्या नाही. मला ओळखते की माझ्या हातातल्या वाटीला, हे मी कुणाला विचारत नाही. पीएच.डी. राहिली. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. आधी रेवाचं वजन विचारतात आणि मग माझं.

आत्या आमच्याकडेच राहायला आली, ती परत गेलीच नाही. आता तिच्यानं खाली बसवत नाही. परवा मी रेवाच्या डावीकडे बसून तिला भरवत होते, आत्या खुर्चीवरून बघत होती. साबुदाण्याची पेज, त्यात मोजलेली पावडर. बराच वेळ बघून आत्या म्हणाली, “चारू, येक विचारू?”

“विचार.”

“त्या दिवशी मी म्हटलं ते ऐकायला पायजे हुतं, असं कधी वाटतं का गं तुला?”

मी चमचा भरला. रेवानं मान जरा डावीकडे वळवली आणि चमचा पोचायच्या आतच तोंड उघडलं.